चौथ्या पायरीजवळचा हलणारा कठडा

पत्र: काका, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात वृद्धाश्रमाची व्यवस्थापिका आहे. इमारत पूर्वी शाळेचं वसतिगृह होती, दुमजली. २२ आजी-आजोबा आहेत, त्यातले ९ जण वर राहतात. जिन्याला एका बाजूला लोखंडी पाईपचा कठडा आहे, दुसऱ्या बाजूला नुसती भिंत. खालून चौथ्या पायरीपाशी कठडा हलतो. मागच्या महिन्यात एक आजोबा उतरताना तिथंच पडले. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. ते म्हणाले, "मी तं पाईप धरलाच होता माय, पाईपच माह्यासंगं आला." विश्वस्त म्हणतात, दिवाळीत रंग द्यायचाच आहे, तेव्हा मिस्त्रीकडून सिमेंट भरून घेऊ. तोवर वरच्यांनी उतरूच नये, ताटं वर पाठवा. वरच्या आजी रागावल्यात, कारण भजन खालच्या ओसरीत असतं. मागे बाहेरून एक जिना आहे, पण उन्हाळ्यात त्याच्या पाईपला हात लागत नाही, म्हणून तो कोणी वापरत नाही. मी उगाच बाऊ करते आहे का? सिमेंट भरून भागेल का?

ताई,

बाऊ अजिबात नाही. आणि सिमेंट भरून भागणार नाही. दिवाळी पाच महिन्यांवर आहे, पाऊस पंधरा-वीस दिवसांवर. वेल्डरला आजच फोन करा.

आजोबांचं वाक्य मी चार वेळा वाचलं. त्यांची काही चूक नव्हती. म्हाताऱ्या माणसाला जे करायला आपण रोज सांगतो तेच त्यांनी केलं, कठडा धरला. जिथं कठडाच नसतो तिथं माणूस भिंतीला खेटून, पाय चाचपत, कोणाला तरी हाक मारून उतरतो. कठडा दिसला की तो अंगाचा भार त्याच्यावर टाकतो. म्हणून हलणारा कठडा नसलेल्या कठड्याहून वाईट, असं मी म्हणतो, आणि हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही.

माझी मावशी शेवटची चार वर्षं एका आश्रमात होती. चांगली माणसं, स्वच्छ जागा. जिन्याच्या भिंतीला नवीन चकचकीत स्टीलचा पाईप लावलेला. मी बांधकामाचा ओव्हरसियर, दर महिन्याला तिला भेटायला जायचो, तोच पाईप धरून वर चढायचो, आणि एकदाही तो हलवून बघितला नाही. मावशी पडली तेव्हा तिच्या हातात पाईप होता, पाईपला ब्रॅकेट होतं आणि ब्रॅकेटला भिंतीच्या छपाईचा, म्हणजे प्लास्टरचा, तळहाताएवढा पोपडा चिकटलेला होता. स्क्रू काढून मी मोजला. सव्वा इंच. त्यातला पाऊण इंच छपाईतच गेलेला, विटेत जेमतेम अर्धा इंच. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा स्वतःच्या पायांनी ओसरीपर्यंत आली नाही. तेव्हापासून मी कुठल्याही जिन्यावर चढण्याआधी कठडा हलवून बघतो. लोक बघतात, बघू देत.

तर आता काय करायचं ते क्रमानं सांगतो, कारण तुमच्याकडे क्रमच महत्त्वाचा आहे.

हलणारा कठडा आधी काढू नका. आधी भिंतीच्या बाजूला नवीन पाईप लावून घ्या. ते एक-दोन दिवसांचं काम आहे. तो पक्का झाला की मग जुन्याला हात घाला. असं केलं तर जिना एकही दिवस बिनाधाराचा राहत नाही. तोवर हलणाऱ्या भागाला लाल फडकं बांधा आणि प्रत्येकाला स्वतः नेऊन दाखवा, की इथं भार द्यायचा नाही. नुसतं सांगून उपयोग नाही. ज्यांना कमी ऐकू येतं, ज्यांना विसर पडतो, त्यांचा हात सवयीनं तिथंच जाणार. सुतळीनं किंवा तारेनं आवळून मात्र ठेवू नका. तारेनं हलणं थांबल्यासारखं दिसतं आणि लाल फडक्याचा अर्थच जातो.

या दोन-तीन दिवसांत वरच्यांपैकी ज्यांचा तोल जातो त्यांना खाली झोपवा, खालचे धडधाकट वर पाठवा. बाकीच्यांना उतरायचं असेल तर सोबत माणूस द्या. उतरताना सोबतीनं त्यांच्या एक पायरी खाली, थोडं बाजूला राहायचं. मागून दंड धरून चालणारा सोबती काही कामाचा नाही, तोल पुढे गेला तर त्याच्या हातात फक्त सदरा येतो.

पण नऊ जणांना पाच महिने वर ठेवून ताटं पोचवणं, याला मी स्पष्ट नाही म्हणतो. पायऱ्या सुटल्या की मांड्यांतली ताकद जाते, आणि ती या वयात लवकर परत येत नाही. दिवाळीत कठडा दुरुस्त होईल, पण तोवर त्यातल्या दोघी-तिघी संडासापर्यंत जाताना पडायला लागतील. आणि भजन. ताई, दिवसभरात वाट बघण्यासारखी ती एकच गोष्ट असेल कदाचित. आजी रागावल्या हे चांगलं लक्षण आहे, त्यांचा राग विश्वस्तांपर्यंत जसाच्या तसा पोचवा.

आता तुमचा कठडा आणखी कुठं-कुठं हलतो, याचं उत्तर असं मिळवा. सोबत एक दणकट माणूस घ्या आणि जिन्याच्या आतल्या अंगाला, म्हणजे भिंतीकडे, पाय रोवून उभ्या राहा. पाईप दोन्ही हातांनी धरून बाहेर ढकला, आत ओढा, खाली दाबा, वर उचला. नजर हाताकडे ठेवू नका, खांबाच्या बुडाशी ठेवा. बुडाशी केसाएवढी फट उघडझाप करत असेल तर ती हाताला जाणवायच्या आधी डोळ्याला दिसते. संशय असेल तिथं खांबावरून पायरीवर उतरणारी एक सरळ पेन्सिलची रेघ ओढा आणि आठ दिवसांनी बघा. रेघ तुटली असेल तर खांब सरकतोय. हे प्रत्येक खांबाला करा, फक्त चौथ्या पायरीच्या नाही. एक खांब सैल झाला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर जातो, आणि पुढचा नंबर त्यांचा असतो.

मग गुडघ्यावर बसून बुडाकडे जवळून बघा. रंगाच्या खाली फुगवटा, भोवती तांबूस कडं, पायरीच्या कडेला बारीक तडा, यातलं काही दिसतं का? छोट्या हातोडीनं वरून खाली टकटक करत या. चांगला पाईप खणखणतो. बुडाशी येता येता आवाज बद्द झाला की आतून पाईप खाल्ला गेलाय. असं बुडाशीच का होतं, तर आपण जिना रोज बादलीभर पाण्यानं धुतो. पाणी खांबाच्या बुडाशी थांबतं, भेगेतून आत जातं, आणि पायरीच्या पोटात लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, त्यामुळे तो फुगून सिमेंटच फोडतो. मग भेग वाढते, आणखी पाणी जातं. तुमच्या विश्वस्तांनी सुचवलेलं सिमेंट या भेगेवर बसेल, एक पावसाळा छान दिसेल आणि आत तो पाईप कागदासारखा होत राहील. जिना पोछ्यानं पुसायला सुरुवात करा. बादली बंद. शेगावच्या मंदिरासारखा पाण्यानं लख्ख हवा असं कोणी म्हणालं, तर त्यांना बुडाचं ते तांबूस कडं दाखवा.

दुरुस्ती अशी सांगा. खांबाचा खाल्लेला भाग कापून टाकायचा. चांगल्या पाईपला खाली जाड पट्टीची बैठक वेल्ड करायची, चार भोकांची. बैठक पायरीच्या कडेला अगदी लागून नको, काँक्रीटचा टवका उडतो. पायरीच्या काँक्रीटमध्ये नीट ड्रिल करून, भोकातली भुकटी फुंकून, मग अँकर बोल्ट बसवायचा. जिन्याच्या स्लॅबला बाहेरून, बाजूनं बैठक घेता आली तर त्याहून चांगलं, तिथं पाणी थांबत नाही. बुडाभोवती सिमेंटचा बाहेर उतरता गोल करून घ्या. आणि जिथं काँक्रीटच पोकळ निघेल तिथं ते फोडून बारीक गिट्टीचं नवीन काँक्रीट भरायला लागेल, रेती-सिमेंटचा नुसता माल नाही, आणि त्यावर सात दिवस पाणी मारायचं. त्या सात दिवसांत तिथं कोणी हात लावायचा नाही. मिस्त्री म्हणेल दोन दिवसांत पक्कं होतं. ऐकू नका.

किती जोर सोसला पाहिजे, हेही विचारून ठेवा, म्हणजे काम घेताना तुमच्या तोंडात आकडा असेल. आपल्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, घरगुती नसलेल्या, म्हणजे तुमच्यासारख्या जिन्यांच्या कठड्यासाठी दर मीटर लांबीला ०.७५ किलोन्यूटन आडवा जोर धरतात. साध्या भाषेत मीटरभरात पंचाहत्तर किलोच्या आसपास. काम झाल्यावर वेल्डरला आणि त्याच्या पोऱ्याला, दोघांनाही, कठड्याला धरून बाहेर रेटायला सांगा. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे तो कुरकुर करत नाही.

भिंतीकडच्या नव्या पाईपबद्दल जास्त लिहितो, कारण मावशीचा पाईप भिंतीचाच होता. ड्रिल करताना तुम्ही तिथं उभ्या राहा आणि बाहेर पडणारी भुकटी बघा. आधी राखाडी येईल, ती छपाई. मग लाल आली तर वीट लागली, बरं झालं. माती आली तर तो विटांचा सांधा आहे, आणि तोही मातीचा. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत असे मातीचे सांधे सर्रास आहेत. तिथं प्लास्टिकचा गट्टू ठोकून स्क्रू पिळला तर तो फक्त छपाईला धरून राहतो. अशा भिंतीत बोल्ट आरपार घालून पलीकडून लोखंडी पट्टी द्यायची, म्हणजे अख्खी भिंत धरते. पलीकडे खोली असेल तर पट्टी दिसेल. दिसू द्या. आरपार जमत नसेल तर प्रत्येक ब्रॅकेटच्या जागी दोन-तीन विटा काढून काँक्रीटचा ठोकळा भरायचा आणि बोल्ट त्यात बसवायचा. ब्रॅकेट साधारण तीन-तीन फुटांवर हवेत.

ब्रॅकेट पाईपला खालून जोडलेलं हवं. बाजूनं जोडलं तर दर तीन फुटांवर हात सोडावा लागतो, आणि हात सोडून पुन्हा धरण्याच्या त्याच क्षणात माणूस जातो. चौकातही, म्हणजे जिना वळतो तिथंही, पाईप सलग वळवून घ्या. बहुतेक जिन्यांत वळणावर पाईप तुटतो, कारण बेंड टाकायला वेळ आणि पैसे लागतात.

पाईपची जाडी. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंग-वृद्धांना इमारतीत सहज वावरता यावं यासाठीच्या, २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गोल कठड्याची जाडी ३८ ते ४५ मिलिमीटर आणि भिंतीपासून मोकळी जागा किमान ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, दिली आहे. पण दुकानात एक गोंधळ होतो. नळाचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप आतल्या भोकाच्या मापानं विकतात. 'दीड इंची' मागितला तर बाहेरून तो ४८ मिलिमीटर भरतो, आणि आजींच्या बारीक हाताची बोटं त्याला पूर्ण वेढा घालत नाहीत. जीआय घेणार असाल तर सव्वा इंची मागा, तो बाहेरून ४२ च्या आसपास येतो, हातात बरोबर बसतो. बी क्लासचा घ्या, निळ्या पट्ट्याचा. पिवळ्या पट्ट्याचा ए क्लास पातळ असतो. स्टेनलेस स्टीलचा पाईप मात्र बाहेरच्या मापानं विकतात, तिथं दीड इंची म्हणजे खरोखर ३८. दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका. तुमच्या सगळ्यात लहान हाताच्या आजींना शक्य असेल तर सोबत न्या, नाहीतर दुकानातून हातभर तुकडा आणून त्यांच्या हातात द्या. अंगठा बोटांच्या टोकांजवळ आला पाहिजे. मुठीत येत नाही असा कठडा पडताना धरता येत नाही, त्यावर फक्त हात टेकतो. विटांचे रुंद, सपाट कठडे दिसायला भक्कम असतात, पण त्यांचीही हीच अडचण आहे.

दोन्ही बाजूंना कठडा का, हे विश्वस्त नक्की विचारतील. त्यांना सांगा, चढताना उजव्या हाताला असलेला कठडा उतरताना डाव्या हाताला येतो. ज्यांच्या एका अंगावरून लकवा गेलाय, त्यांना एकाच बाजूचा कठडा म्हणजे एक तर चढता येतं, नाहीतर उतरता येतं. तुमच्याकडे २२ जणांत असं एकही माणूस नसेल असं मला वाटत नाही.

उंची पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर तीन फूट धरा. पायऱ्यांवर नंतर फरशी बसवली असेल तर जुना कठडा तेवढ्यानं बुटका झालेला असतो, तेही मोजून घ्या. पाठीत वाकलेल्या आजींसाठी तीन फूट उंच पडतं, त्यांचा खांदा वर ओढला जातो. म्हणून अडीच फुटांवर दुसरा पाईप असला तर चांगलं. या दुसऱ्या पाईपचे पैसे एकाच बाजूला पुरत असतील तर तो भिंतीकडे घ्या.

आणि टोकं. वर आणि खाली, दोन्हीकडे पाईप शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर सरळ गेला पाहिजे. बहुतेक ठिकाणी तो शेवटच्या पायरीवरच संपतो, आणि अंधारात हाताला वाटतं की पायऱ्या संपल्या. अजून एक असते. फूटभर पुढे गेलेला पाईप हाताला सांगतो की आता जमीन आहे. पण तो उघडा सोडू नका. टोक भिंतीत वळवा किंवा खाली वाकवून बंद करा. नऊवारीचा पदर, धोतराचा सोगा, स्वेटरची बाही, यातलं काहीही उघड्या टोकात अडकतं, आणि माणूस पुढे जातो, कपडा मागे राहतो. वेल्डिंगचे काटे घासून काढले का ते डोळ्यांनी बघू नका, ओला फडका पाईपवरून टोकापासून टोकापर्यंत फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं पुन्हा घासायला लावा. या वयाची कातडी एवढ्याशा काट्यानं फाटते आणि मधुमेह असेल तर ती जखम महिना-महिना भरत नाही.

रंगाचं काम दिवाळीवर टाकू नका, पण गंजावर रंगही चढवू नका. आधी तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साईडचं अस्तर, मग इनॅमलचे दोन हात. एका दिवशी एकच बाजू, म्हणजे दुसरी धरायला मोकळी राहते. रंग भिंतीपेक्षा वेगळा निवडा. तुमच्या वसतिगृहाच्या भिंतींना कमरेपर्यंत तपकिरी ऑइल पेंटचा पट्टा असेल, शाळांना तो असतोच. त्यावर तपकिरी पाईप मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला दिसतच नाही. पिवळा द्या, पांढऱ्या भिंतीवर गडद निळा द्या. पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेलाही तोच रंग पट्टीनं ओढा.

मागच्या जिन्याबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मला त्याची जास्त काळजी वाटते. आग लागली, पुढच्या जिन्यात धूर भरला, तर वरच्या नऊ जणांना तोच रस्ता आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्या विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो, पश्चिमेच्या उन्हात तापलेला पाईप दुपारी तीनला धरता येणार नाही, हे खरंच आहे. काही ठिकाणी मी पाईपला चिंध्या गुंडाळलेल्या पाहिल्या. चिंधी हाताखाली फिरते, पावसात भिजते, आतला गंज झाकते. ते नको. पहिला उपाय सावली, पत्र्याची किंवा हिरव्या जाळीची, दुपारनंतरचं ऊन अडेल अशी. दुसरा उपाय लाकूड. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान आपल्या दाराशी आहे. गोल तासलेला सागाचा दांडा लोखंडी पट्टीवर खालून स्क्रूनं बसवला तर तोही उन्हात तापतो, पण लोखंडासारखा चटका देत नाही, कारण लाकडातून उष्णता हाताकडे सावकाश येते. वर्षातून एकदा, पावसाआधी, जवसाचं तेल पाजा. ते पूर्ण मुरून कोरडं झाल्याशिवाय वापरू देऊ नका. आणि तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो. मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा. दर महिन्याला त्या दांड्यावरून हात फिरवून कुसं निघालीत का, खाली उधई लागली का, ते बघा.

कठड्यावर गोधड्या वाळत घालणं आजपासून बंद. मला माहीत आहे, पावसात दुसरी जागा नसते. पण ओल्या गोधडीचं वजन कठड्याला बाहेर ओढतं, आणि तिच्याखाली काय सैल झालंय ते महिनोन्महिने दिसत नाही. व्हरांड्यात दोरी बांधून द्या. दिव्याचं बटण जिन्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे हवं, आणि जिन्याचा एक दिवा इन्व्हर्टरवर हवा. लाईट रात्री किती वेळा जाते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

एक साधी वही ठेवा. दर सोमवारी तुमच्यापैकी एकीनं जिना चढता-उतरताना प्रत्येक खांब हलवायचा आणि तारीख टाकून लिहायचं: कुठला खांब, काय वाटलं. पावसाआधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा वेल्डरला बोलावून सगळे बोल्ट, सगळे जोड बघून घ्यायचे. आणि या वहीत एक रकाना आजी-आजोबांसाठी ठेवा. कठडा कुठं सैल झालाय ते सगळ्यात आधी त्यांच्या हाताला कळतं. ते सांगत नाहीत, कारण आपण कुरकुर करतो असं कोणाला वाटू नये, ही त्यांची भीती असते. एखाद्या दिवशी भजनानंतर सगळ्यांसमोर विचारा, "जिन्यात तुम्ही कुठं थांबता?" जिथं चार जण थांबतात, तिथं काहीतरी आहे.

विश्वस्तांशी बोलताना भांडायची गरज नाही, पण तोंडी सांगून सोडू नका. अर्जासारखं दोन ओळींचं पत्र द्या: अमुक तारखेला अमुक पायरीवर कठडा हातात येऊन एक आजोबा पडले, दुरुस्ती तातडीची आहे. सोबत बुडाच्या गंजाचा फोटो. पोच घ्या. त्यांना हेही सांगा की जगभरात अपघातानं मरणाऱ्यांत रस्त्यावरच्या अपघातांनंतर दुसरा क्रमांक पडून मरणाऱ्यांचा आहे, आणि त्यात सर्वात जास्त साठी ओलांडलेले असतात. हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा २००७ चा जो कायदा आहे, त्याच्या १९ व्या कलमात वृद्धाश्रमांचा दर्जा कसा असावा हे ठरवण्याचं काम राज्य शासनावर टाकलेलं आहे. एवढं करून पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही, तर जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जा, किंवा ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाईनवर विचारा. पण तशी वेळ येणार नाही असं मला वाटतं. रंगाचे पैसे द्यायला तयार असलेला देणगीदार तुमच्याकडे असेलच. त्याला बोलवा, चौथ्या पायरीवर उभं करा आणि कठड्याला हात लावायला सांगा.

पुन्हा कोणी पडलंच, तर लगेच दंडाला धरून उठवू नका. एक पाय आखूड आणि पंजा बाहेर वळलेला दिसला, किंवा पाय उचलता येत नसेल, तर खुबा मोडला असं समजा. आहे तिथंच, न हलवता, अंगावर चादर घालून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

पत्र पाकिटात घालताना तुमचं पत्र पुन्हा वाचलं. 'मनगट मुरगळलं, बाकी काही नाही' असं लिहिलंय, पण एक्स-रे काढल्याचं कुठं लिहिलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं मनगट पडल्यावर मुरगळलं असं वाटलं तरी ते मोडलेलं असू शकतं, आणि बारीक फ्रॅक्चर सूज उतरल्यावर मुरगळल्यासारखंच वाटतं. आजोबांना तांब्या उचलायला सांगा, दाराची कडी पिळायला सांगा. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखतं का ते विचारा. दुखत असेल तर उद्याच्या पहिल्या गाडीनं त्यांना यवतमाळला नेऊन एक्स-रे काढून घ्या. त्याच हातानं त्यांना आता नवीन कठडा धरायचा आहे.